फ्लोरिडातले एक मैदान आणि आमचे आबा

गेल्या वैशाखात मी आणि माझे थोरले बंधू अमेरिकेला जाऊन आलो. बंधू माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. घरात लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. वडील मी शाळेत असतानाच गेले. आबांनी औत धरले म्हणून मला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. करता आले, आणि पुढे त्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरी नोकरीला लागला. तो चार वर्षे बोलावत होता. दर वर्षी आबांचे एकच उत्तर ठरलेले. "कांदा निघू दे, मग बघू."

यंदा कांदा निघाला, चाळीत पडला. वहिनी म्हणाल्या, "म्हशीकडं मी बघते, तुम्ही जावा एकदाचं." मी अर्जित रजा टाकली, खात्याची परवानगी काढली, आणि लोणंदहून निघालो.

फ्लोरिडा म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला मेक्सिकोचे आखात. जमीन ताटासारखी सपाट आणि बहुतेक वाळूची. पाऊस वर्षाला पन्नास इंचांच्या घरात, आणि तो आपल्यासारखाच जून ते सप्टेंबरात जास्त. आमच्या लोणंदला वीस इंच पडला तरी आम्ही वर्ष बरे गेले म्हणतो. विमानातून खाली पाहताना आबा म्हणाले, "एवढं पाणी दिसतंय, मग हितं भात का न्हाय?" भात नव्हता. खाली जे हिरवेगार तुकडे दिसत होते ती शेते नव्हती. ती गोल्फ खेळायची मैदाने होती.

कोणत्या मैदानावर जायचे?

गोल्फ हा खेळ आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला इंग्रजांच्या वेळेपासून गोल्फ आहे. पुण्याला येरवड्यातही मोठे मैदान आहे, पण आपण ते बाहेरूनच पाहतो. खेळ सांगायला सोपा आहे. लहानसा टणक चेंडू, हातात लांब दांडा, आणि दूर कुठेतरी जमिनीत सव्वाचार इंच रुंदीची गल. गोट्या खेळताना आपण गल करतो तशीच. कमीत कमी टोल्यांत चेंडू गलीत घालायचा. अशा अठरा गली. एका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन सहज लागते. फ्लोरिडात अशी मैदाने हजारावर आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतकी नाहीत.

पुतण्या दोन वर्षांपूर्वी कचेरीतल्या लोकांबरोबर हा खेळ शिकला. आम्हाला तो खेळ दाखवायची त्याला फार हौस. जेवणे झाल्यावर त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाला, "नाना, तीन जागा आहेत. आबांना कुठं न्यायचं ते तुम्हीच सांगा."

पहिली जागा पूर्व किनाऱ्यावर पाँटे वेद्रा बीच येथील सॉग्रास. मोटारीने चार तासांचा रस्ता. या मैदानाची कथा ऐकण्यासारखी आहे. तिथे पूर्वी दलदल होती. ती ४१५ एकर जमीन खेळाडूंच्या संस्थेला अवघ्या एका डॉलरला मिळाली, आणि १९८० साली मैदान खुले झाले. पीट डाय नावाच्या आखणीकाराने एके ठिकाणची चांगली वाळू उपसून बाकीच्या मैदानावर भरावाला वापरली. उपसून उपसून तिथे मोठा खड्डा झाला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस म्हणाली, खड्ड्यात पाणी सोडा आणि मधोमध बेट ठेवा. तीच ती जगप्रसिद्ध सतरावी गल. चोहोबाजूंनी पाणी, मध्ये हिरवळ. वर्षाला लाखभर चेंडू त्या पाण्यात जातात असे सांगतात.

दुसरी जागा टॅम्पाच्या जवळच, पाम हार्बर येथील इनिसब्रूक. तिथल्या कॉपरहेड नावाच्या मैदानावर दर वर्षी मार्चच्या सुमारास मोठे खेळाडू सामन्यांना येतात. सपाट फ्लोरिडात तिथे थोडे चढउतार आहेत, पाइनची झाडे आहेत.

तिसरी जागा खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्ग शहराची. मॅन्ग्रोव्ह बे नावाचे हे मैदान नगरपालिकेचे आहे. नगरपालिकेने गोल्फचे मैदान चालवावे याचेच आम्हाला नवल वाटले.

पुतण्याच्या मनातून सॉग्रासला जायचे होते. त्यासाठी त्याने पैसेही बाजूला ठेवले होते. आबांनी सहज विचारले, "तिथं खेळायला काय पडतं?" तो गप्प बसला. सूनबाई सांगलीची, हिशेबाला चोख. तिने सांगून टाकले, "हंगामात माणशी सहाशे डॉलरच्या वर, आबा."

डॉलर पंच्याऐंशी रुपये धरा. एकावन्न हजार झाले. कांदा हजार रुपये क्विंटल गेला तर एकावन्न क्विंटल कांदा. आबांनी हा हिशेब तोंडीच केला आणि म्हणाले, "म्हंजी तीन पिकअप कांदा, आन् तो बी एका दिसाच्या खेळाला." पुतण्याचा चेहरा उतरला. आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी दोघांच्या मध्ये. मला दोघांचेही कळत होते. मुलाला बापाला आपले वैभव दाखवायचे होते. बापाला त्या वैभवात आपला घाम वाहून जाताना दिसत होता.

निवड कशी केली

आमच्या खात्यात कोणते वाण लावावे असे शेतकरी विचारतो तेव्हा आम्ही उलट विचारतो. जमीन कशी, पाणी किती, हंगाम कोणता, खिशात काय? मी पुतण्याला तेच प्रश्न विचारले.

खेळणार किती जण? तो एकटा. आबा आणि मी नुसते बघे, फार तर दोन-चार टोले मारणार. नवशिक्याने पाण्याच्या बेटावर जाऊन काय करायचे? चेंडू बुडवायचे. हंगाम कोणता? जानेवारी ते एप्रिल हा तिकडचा सुगीचा काळ. उत्तरेकडचे लोक थंडीला कंटाळून फ्लोरिडात उतरतात तेव्हा दर चढतात. उन्हाळा लागला, ढग जमू लागले की दर उतरतात. दुपार कलल्यावर तर आणखी उतरतात. पण दुपारी किनाऱ्यावर वारे सुटते आणि विजा होतात, म्हणून सकाळ बरी. चालत जायचे की गाडीतून? पुष्कळ ठिकाणी विजेवरची छोटी गाडी घ्यावीच लागते. आबांना चालायला मिळाले पाहिजे, नाहीतर ते दिवसभर कुरकुरणार. काही मैदाने फक्त सभासदांची असतात. तिथे सभासदानेच पाहुणा न्यावा लागतो, म्हणून ती यादीतून आधीच गेली.

शेवटचा प्रश्न कपड्यांचा. या खेळाला कॉलरचा शर्ट लागतो. आबांची पैरण बिनकॉलरची. दुकानातून नवा शर्ट आणायला ते तयार होईनात. शेवटी पुतण्याचा एक कॉलरवाला बनियन त्यांनी पायजम्यावर घातला, डोक्यावर आपली टोपी. सूनबाईने फोटो काढला तो आता घरात भिंतीवर आहे.

अशा रीतीने नगरपालिकेचे मैदान ठरले. माणशी खर्च शंभर डॉलरच्या आत. पुतण्या हिरमुसला होता, पण सकाळी सहाला मोटार काढून उभा राहिला.

ढेकळाखाली काय निघाले

मॅन्ग्रोव्ह बे खाडीच्या जवळ आहे. मैदान सपाट, जागोजागी तळी. तिकडे कुठल्याही तळ्याच्या काठी फार जवळ जायचे नाही, कारण फ्लोरिडात तळे म्हटले की मगर असू शकते. पांढरे बगळ्यासारखे पक्षी गवतात चोची खुपसत माणसांच्या पायात फिरत होते. सरावासाठी वेगळी जागा आहे. टोपलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि मारत सुटायचे.

पुतण्याने दांडा आबांच्या हातात दिला. आबा विटीदांडूला उभे राहतात तसे उभे राहिले. पहिला टोला हवेत गेला. दुसऱ्याला चेंडू जागेवर आणि हिरवळीचे वीतभर ढेकूळ उडून पुढे पडले. आम्ही हसलो. आबा मात्र हसले नाहीत. ते वाकले, ढेकूळ उचलले, उलटे केले, माती झाडली. खालून पांढऱ्या, गाठीगाठींच्या कांड्या लोंबत होत्या.

"आरं, ही तर हरळी!"

मी पाहिले. खरेच हरळी. आपल्या बांधावरची, उसातली, विहिरीच्या कडेची हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. अमेरिकेत हिला बर्म्युडा गवत म्हणतात हे मी कॉलेजात पाठ केले होते. पण कातरून सतरंजीसारखी केलेली हिरवळ पाहून बी.एस्सी. झालेल्या मला ती ओळखू आली नाही. सातवी शिकलेल्या आबांना मुळी पाहताच ओळखू आली.

एवढ्यात पुतण्याने ते ढेकूळ आबांच्या हातातून घेतले, पुन्हा खड्ड्यात बसवले, पायाने दाबले. खेळताना उडालेले ढेकूळ परत लावायचे किंवा खड्डा वाळूने भरायचा, असा तिथला शिरस्ता आहे. आबा बघतच राहिले. "आपण जिला उन्हात वाळवून जाळतो, तिला ह्यो परत लावतोय!"

पाणी आणि बेणे

मैदानाची निगा राखणारा गृहस्थ गवताच्या शेतीचाच पदवीधर निघाला. आम्ही एका व्यवसायातले, म्हणून तो मोकळेपणाने बोलला. गली असतात तिथले गवत रोज सकाळी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास कापतात. हरळी असल्या कापणीनेही मरत नाही, उलट दाट होते. आपण विळ्याने वरवर कापतो तेव्हा नेमके तिला हवे तेच करतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

मैदानावर जागोजागी जांभळ्या रंगाच्या खुणा दिसत होत्या. फ्लोरिडात जांभळी नळी म्हणजे शुद्ध केलेले सांडपाणी. पिण्याच्या पाण्यात त्याची सरमिसळ होऊ नये म्हणून हा रंग ठरवून दिला आहे. १९७२ साली राज्याने कायदा केला की टॅम्पाच्या खाडीत सांडपाणी सोडायचे तर ते फार उंच दर्जाचे शुद्ध करूनच सोडा. कारण सांडपाण्यातल्या नत्राने शेवाळ माजून खाडीच्या तळचे गवत आणि मासे कमी होत चालले होते. सेंट पीटर्सबर्गने विचार केला की ज्या नत्राने खाडी बिघडते ते गवताला खतच आहे. १९७७ पासून शहर हे पाणी बागांना, अंगणांना आणि गोल्फच्या मैदानांना देऊ लागले. खाडीही पुढे बरीच सुधारली.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. त्या जिल्ह्यात १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाच्या दिवसांत घरच्या हिरवळीला नत्र आणि स्फुरदाची खते घालायला बंदी आहे. टाकलेले खत पावसाने वाहून खाडीत जाते म्हणून. आपल्याकडे आभाळ भरून आल्यावर युरिया फेकायची घाई करणाऱ्यांनी हे मनात ठेवावे. त्यांचे खत खाडीत जाते, आपले ओढ्यात.

समुद्राच्या अगदी काठावर, जिथे पाणीच खारट, तिथे पास्पालम नावाचे दुसरे गवत लावतात. ते खारे पाणी सोसते. म्हणजे मैदान निवडताना खेळणारा समुद्राचा देखावा पाहतो, पण तो देखावा कोणत्या पाण्यावर उभा आहे हेही पाहायला हवे.

दुपारी बारानंतर आभाळ काळे झाले. भोंगा वाजला आणि सगळे लोक हातातले दांडे टाकून आडोशाला गेले. फ्लोरिडात विजा फार पडतात. मोकळे मैदान, हातात लोखंडी दांडा, दुसरे काय होणार? आपल्याकडे वळवाच्या पावसात झाडाखाली उभे राहून दर वर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. तिथे भोंगा आहे, आपल्याला भोंगा नाही. तेव्हा गडगडाट हाच भोंगा समजावा आणि पक्क्या घराचा आसरा घ्यावा.

रात्री पुतण्याच्या संगणकावर मी या गवताचा आणखी शोध घेतला, आणि चकित झालो. मैदानावरची हरळी नुसती रानटी नव्हे. आपली हरळी आणि आफ्रिकेतली तिची बहीण यांच्या संकरातून टिफवे नावाचे वाण १९६० साली निघाले. त्याला बी धरत नाही, उसासारखे बेणे लावावे लागते. हे वाण ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने फ्लोरिडाच्या शेजारच्या जॉर्जिया राज्यात, टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रावर काढले. आणि याच बर्टनने बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य जात तयार केली होती. तिच्यावरूनच लुधियानाला भारताची पहिली संकरित बाजरी, एचबी १, निघाली. साल १९६५.

मी आबांना सांगितले. ते ताडकन म्हणाले, "हायब्रीड बाजरी! वडलांनी पेरली हुती. कणसं ही एवढी. पुढं गोसावी पडला आन् सगळं गेलं." खरे आहे ते. त्या संकरित बाजरीवर पुढे सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने कहर केला, आणि नवी रोगप्रतिकारक वाणे काढावी लागली. पण कोरडवाहू मुलखात दाणा वाढवता येतो, हे प्रथम तिने दाखवले. एकाच माणसाच्या हातून आमच्या भाकरीचे वाण आणि श्रीमंतांच्या खेळाचे गवत निघाले होते.

ओट्यावरचे बोलणे

त्या रात्री पुतण्या आबांजवळ येऊन बसला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "आबा, खरं सांगू? मी हरळीपायी पळालो. सुट्टी लागली की तुम्ही विहिरीवरच्या रानात मला मुळ्या वेचायला लावायचा. मे महिन्याचं ऊन. पोरं नीरेत पोहायला जायची आन् मी मुळ्या वेचायचो. तवाच ठरवलं, ह्या रानात राहायचं न्हाय."

आबा म्हणाले, "मला म्हाईत हाय. म्हणूनच वेचायला लावायचो."

हे मला नवे होते. त्यालाही नवे असावे.

आता सांगायला हवे की विहिरीवरचे ते दीड एकर गेली तीन वर्षे हरळीने भरले आहे. आबांचे गुडघे चालत नाहीत, मजूर मिळत नाही. लोणंदला औद्योगिक वसाहत झाल्यापासून जमिनीला भाव आला आहे आणि दलालांचे फोन पुतण्यापर्यंत जातात. तो आम्हाला बोलावत होता त्यात हेही विचारायचे त्याच्या मनात होते. त्याने ते त्या रात्री विचारले. "आबा, विकायचं का ते रान?"

आबांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "आज तू ढेकूळ परत बसवलंस. कुणी सांगितलं न्हवतं तुला, आपसूक बसवलंस. रानात काय करायचं ते तुझ्या हाताला अजून ठावं हाय. विकायचं का, ते तू रानात उभा राहून मला इचार. हितनं न्हाय."

सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "सॉग्रासचे पैसे आहेत ना बाजूला ठेवलेले? त्यात विहिरीवरची नांगरट आणि ठिबक होईल." आबा म्हणाले, "पैसं नगं. पालखीला या."

परतल्यावर

विसावा मे उजाडायच्या आत आम्ही लोणंदला आलो. ऊन कडक होते. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर लावून विहिरीवरचे रान खोल नांगरून घेतले, आठ दिवसांनी आडवी नांगरट केली. मुळ्या आणि कांड्या वर आल्या, उन्हात वाळल्या, त्या वेचून जाळल्या. हरळीवर खात्रीचा उपाय हाच. मे महिन्यातली खोल नांगरट, वेचणी, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. एका वर्षात ती जात नाही. पाऊस पडल्यावर बांधाच्या कडेने तिने पुन्हा डोके वर काढलेच आहे. ट्रॅक्टरचे पैसे मी दिले, कारण माझ्या कॉलेजच्या फीचे कुणीतरी असेच दिले होते.

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली. पुतण्याला रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी येतो म्हणाला आहे. जमिनीचा प्रश्न अजून तसाच आहे. आबांनी फ्लोरिडातून एक चेंडू खिशातून आणला. तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतो आणि नातवंडे आली की त्यांना तो खेळायला मिळतो.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांना एवढेच सांगतो. मुलाने कितीही महागडी जागा दाखवायची म्हटली तरी त्याला तोडून बोलू नका. पण आपल्याला चालता येईल, वाकून माती उचलता येईल आणि शेजारी बसून बोलता येईल, अशी जागा निवडा. सॉग्रासचे बेट आम्ही पाहिले नाही, त्याची खंत नाही. ते पाहायला गेलो असतो तर सगळा दिवस पाण्यात पडणारे चेंडू मोजण्यात गेला असता, आणि बापलेकांचे जे बोलणे वीस वर्षे राहिले होते ते तसेच राहिले असते.